विरजणाची हाक

काढा उतरवून पिंपात भरल्यावर एयलिवच्या लक्षात आलं, की इथून पुढचं काम एका माणसाचं नाही.

एकेचाळीस वर्षं तो आणि त्याची बायको गुडवेग मिळून घरची बियर करत आले होते. कुणी काय करायचं हे बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा काढा जुनिपरच्या सुगंधी झुडपाच्या फांद्या घालून चार तास उकळायचा. उकळताना त्यातली हवा पार निघून जाते, आणि हवा नसलेल्या काढ्यात विरजण, म्हणजे बियर आंबवणारं यीस्ट, गुदमरतं. म्हणून तो कोमट झाला की गुडवेग माळ्याच्या जिन्यावर सहाव्या पायरीवर उभी राहून बादल्या ओतायची, एयलिव खाली पिंप धरायचा आणि रिकामी बादली भरून पुन्हा वर द्यायचा. फेस पिंपाच्या काठाला आला, की काढ्याने पोटभर श्वास घेतला असं समजायचं.

मग विरजण घालायचं, आणि घालताना पिंपावर वाकून जिवाच्या आकांताने ओरडायचं. ओरडलं नाही तर विरजण आळशी होतं, असं आमच्या खोऱ्यातली जुनी माणसं सांगतात. खरं कारण वेगळं आहे. ती हाक खोऱ्यात ऐकू जाते, आणि ऐकणारा बोटं मोजतो. तिसऱ्या दिवशी बियर पिण्याजोगी होते, आणि ज्याने हाक ऐकली तो त्या दिवशी येतो. बियरला तोंडाने बोलवायची आमच्याकडे पद्धत नाही. तोंडाने बोलावणं म्हणजे दारात उभं राहून भीक मागितल्यासारखं वाटतं.

ओरडायचं काम गुडवेगचं होतं. तिचा आवाज सरोवरापलीकडे जायचा. एयलिव मुळातच अबोल. लग्नात पाद्र्याने विचारलं तेव्हाही त्याने नुसती मान हलवली होती, आणि मागच्या बाकावरच्यांना तो हो म्हणाला की नाही हे संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं.

ती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात विरजण पडलं नव्हतं, आणि टेकडी चढून कुणी आलंही नव्हतं. माणसं वाईट नव्हती. त्यांना यायला निमित्त नव्हतं इतकंच. शनिवारी आपल्या स्वयंपाकघरात चार माणसं बसावीत, त्यांनी पायातली बर्फाची घाण फरशीवर आणावी आणि बियरला नावं ठेवावीत, एवढीच एयलिवची इच्छा होती. ती तो कुणालाही सांगणार नव्हता. म्हणून बुधवारी दुपारी त्याने फ्रीजरमधून विरजणाची पुडी काढली, आणि नेमका तेव्हाच ओस्लोहून लेकीचा, सिन्नेवेचा, फोन आला.

"बाबा, गळ्यात बटण आहे ना?"

"आहे."

"आंघोळीलासुद्धा काढायचं नाही हं. पाण्याने काही होत नाही त्याला."

"नाही काढत."

"आणि एकट्याने बियर-बिअर करायला घेऊ नकोस. नाताळात मी आले की करू."

"बरं," एयलिव म्हणाला आणि काढा ढवळला.

हे बटण सिन्नेवेनेच बसवून घेतलं होतं. काही झालं तर दाबायचं. मग बैठकीच्या खोलीतल्या कपाटावरचा खोका बर्गेनच्या सुरक्षा केंद्राशी बोलायला लागतो. वर्षभरात खोक्याने तोंड उघडलं नव्हतं. एयलिवला तो घरातला सगळ्यात समजूतदार प्राणी वाटायचा.

थर्मामीटर चाळीस दाखवत होता. विरजण घालेपर्यंत काढा अडतीसच्या खाली जाऊन चालणार नव्हतं. एयलिवने पिंप जिन्याखाली सरकवलं, बादली भरली, सहा पायऱ्या चढला आणि ओतली. निम्मा काढा पिंपात गेला. उरलेला निम्मा फरशीवर, भिंतीवर आणि खुंटीवरच्या त्याच्या चर्चला जायच्या कोटावर गेला. खाली पिंप हलवायला कुणी असलं की नेम चुकत नाही, हे त्याला आता कळलं. तो खाली उतरला तेव्हा चपला फरशीला चिकटून राहिल्या, आणि पुढचं सगळं त्याने मोज्यांवर केलं.

दुसरा उपाय म्हणून त्याने डावाने काढा वर घेऊन खाली सोडायला सुरुवात केली. शंभर लिटरचं पिंप आणि एक डाव. वीस वेळा करून झाल्यावर खांद्यातून कळ आली आणि थर्मामीटर एकोणचाळीसवर आला. मग त्याला ड्रिल आठवलं. रंग ढवळायची दांडी लावायची, म्हणजे काढ्यात भोवरा फिरेल आणि हवा आपोआप ओढली जाईल. दांडी नवी कोरी होती. त्याने ती उकळत्या पाण्यातून काढली, ड्रिलला लावली आणि पिंपावर वाकून ड्रिल चालू केलं.

फेस झकास येत होता. एयलिव खूश होऊन आणखी वाकला. गळ्यातली दोरी दांडीपर्यंत पोचली, दांडीने ती आनंदाने गुंडाळून घेतली, आणि एयलिवचं नाक काढ्यापासून चार बोटांवर आलं. अशा दोऱ्या ओढ बसली की सुटाव्यात अशाच केलेल्या असतात म्हणून तो वाचला. बटण मात्र पिंपाच्या काठावर आपटलं, दाबलं गेलं आणि फेसात बुडालं. पाण्याने त्याला काही होत नव्हतंच.

बैठकीच्या खोलीतला खोका वर्षभरात पहिल्यांदा बोलला. "हॅलो एयलिव, मी सुरक्षा केंद्रातून वेंके. तुम्हाला मदत हवी आहे का?" हे तिने तीनदा विचारलं. एयलिवला ड्रिलच्या घरघरीत एक अक्षर ऐकू गेलं नाही. वेंकेला मात्र घरघर छान ऐकू गेली. मग घरघर थांबली, कारण थर्मामीटर अडतीसवर आला होता.

एयलिवने विरजण सोडलं, छाती भरून घेतली आणि ओरडला. आवाज आला तो कुणी पायावर पाय दिल्यासारखा. त्याने शरमून विरजणाकडे पाहिलं. एवढ्याने तर मांजरही जागं झालं नसतं, खोऱ्यात काय जाणार? त्याने डोळे मिटले, काठ घट्ट धरला आणि काय ओरडायचं याचा विचारच सोडून दिला. मग त्याच्या तोंडून जे निघालं ती हाक नव्हती, नाव होतं.

"गुडवेऽऽऽग!"

दोन वर्षांत त्याने ते नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं. तो तडक मागच्या दाराने अंगणात गेला आणि हाक कुणी ऐकली का म्हणून कान देऊन उभा राहिला. समोरचं घर ओस्लोच्या माणसांनी विकत घेतलेलं, ती फक्त ईस्टरला येतात. खालच्या वस्तीत कुणाचं दार उघडलं नाही. एका मेंढीची घंटा वाजली, तेवढंच. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, मोज्यांवर.

मग खालच्या रस्त्यावर बंबाचा भोंगा वाजला. कुणाच्या तरी घरी काहीतरी झालं बिचाऱ्यांच्या, असं म्हणून एयलिवने बूट चढवले, पाण्याची बादली भरली आणि मदतीला फाटकापर्यंत गेला. बंब टेकडी चढून त्याच्यापुढेच थांबला.

"कुठे आग लागली?" एयलिवने विचारलं.

"तुझ्याकडे," हाल्दिस उडी मारून उतरत म्हणाली. ती गावचं दुकान चालवते आणि अग्निशमन दलाची प्रमुखही आहे. तिच्या मागून शाळामास्तर तार्येई आणि आणखी दोघं उतरले. आमच्याकडे दल म्हणजे हीच माणसं. हातातलं काम टाकून येतात. तार्येईच्या बोटांना अजून खडू होता.

हाल्दिसचा चेहरा पांढरा पडला होता. "एयलिव, तू कुणाला हाक मारलीस? केंद्रातून सांगितलं, घरात गुडवेग नावाची बाई जखमी आहे. ड्रिलने."

एयलिवने बादली खाली ठेवली. तो सगळ्यांना आत घेऊन गेला. आत खोका आकांत करत होता.

"हॅलो! कुणी आहे का? मी वेंके बोलतेय!"

"आहोत. मी दलाची हाल्दिस. एयलिव सापडला. ठणठणीत आहे, नुसता चिकट झालाय."

"आणि त्या बाई?"

"कोणत्या बाई?"

"गुडवेग! आधी ड्रिल चाललं होतं, मग थांबलं, मग हे गृहस्थ त्यांच्या नावाने किंचाळले. मी स्वतः ऐकलंय. त्या कुठे आहेत?"

"चर्चच्या मागे."

"किती लांब?"

"चार किलोमीटर."

"अशा अवस्थेत चार किलोमीटर गेल्या?"

"अगं बाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. आम्हीच सगळ्यांनी मिळून नेलं."

तार्येईने हेल्मेट काढलं. एयलिव भिंतीवरचा काढा बाहीने पुसत उभा राहिला, आणि पुसून काही उपयोग नव्हता तरी पुसत राहिला.

हाल्दिस नाक वर करून वास घेत जिन्यापाशी गेली आणि पिंपात डोकावली. "बटण कुठाय?"

"आतच आहे."

तार्येईने बाही सरसावली.

"खडूचा हात घालशील तर याद राख!" हाल्दिस ओरडली. तिने उकळत्या पाण्यातून काढलेल्या डावाने बटण बाहेर काढलं आणि फेसाकडे बघून कपाळाला हात लावला. "एवढाच फेस? अरे, हे गुदमरून मरेल. माझ्या दुकानात पाच प्रकारचे पंप आहेत, मला विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं," एयलिव म्हणाला.

हाल्दिसने बूट काढले आणि सहाव्या पायरीवर चढली. दोघांनी पिंप धरलं, तार्येईने बादल्या वर दिल्या. बंबाचा चालक दारातून "कितपत झालं?" असं विचारत राहिला. काढा उंचावरून पडला, फेस काठाला आला, आणि थोडा तार्येईच्या गणवेशावरही गेला. विरजण आधीच घातलेलं होतं, पण त्याची तक्रार दिसली नाही.

"हं, आता ओरड," हाल्दिस म्हणाली.

"ओरडून झालं."

"ते आम्ही कुठे ऐकलं?"

"एका विरजणाला एकच हाक," एयलिव म्हणाला. या बाबतीत तो गुडवेगपेक्षाही कडक होता.

"मग ऐकली कुणी?"

सगळ्यांनी खोक्याकडे पाहिलं.

"मी ऐकली," वेंके म्हणाली. "अजून कानात घुमतेय."

"झालं, म्हणजे शनिवारचं बोलावणं तिला एकटीला," तार्येई म्हणाला आणि त्याने तिला पद्धत समजावून सांगितली. वेंकेने शांतपणे ऐकून घेतलं. केंद्रातल्या माणसांना कुणाच्या घरी जायची परवानगी नसते, आणि शनिवारी तिची पाळीही होती, असं ती म्हणाली. तिला वाईट वाटल्याचं आवाजावरून कळत होतं.

हाक न ऐकता येणं बरं दिसत नाही, आणि तोंडाने बोलावणं तर त्याहून नाही. चौघं दाराशी गेले. हाल्दिसने एक हातमोजा घातला, काढला, झटकला आणि पुन्हा घातला. तार्येईने हेल्मेटचा पट्टा तीनदा सारखा केला. इतक्या सावकाश निघालेलं अग्निशमन दल आमच्या खोऱ्याने कधी पाहिलं नसेल. ते गेले की घर पुन्हा कालच्यासारखं होणार, हे एयलिवला लख्ख दिसत होतं.

"शनिवारी या," तो पायपुसण्याकडे बघत पुटपुटला.

हाल्दिस थांबली. "काय म्हणालास?"

"शनिवारी... या म्हटलं."

"या हेल्मेटमुळे काही ऐकू येत नाही बघ." हेल्मेट तिच्या काखेत होतं.

"शनिवारी या!"

"तार्येई, तुला काही ऐकू आलं?"

"छे. वर्गात पोरं ओरडून ओरडून माझे कान आधीच गेलेत."

एयलिवने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. चौघंही कान पुढे करून वाट बघत होते. मग त्याने छाती भरून घेतली आणि असा काही ओरडला की खिडक्या थरथरल्या, उतारावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि बंबात जाऊन बसलेला चालक धावत खाली उतरला.

"याऽऽऽ!"

"एयलिव?" खोका घाबरून म्हणाला. "एयलिव, काय झालं?"

"हां, आता कसं नीट ऐकू आलं," हाल्दिस म्हणाली. "किती वाजता?"