तेलुगू पाणी

चिन्मय घैसासने लोखंडी शेड विकत घ्यायचं ठरवलं आणि पहिलं काम काय केलं, तर शेडवाल्या आबासाहेबांना जाऊन सांगितलं की शेड इतक्यात विकू नका.

"आधी सगळ्या परवानग्या," तो आबासाहेबांना म्हणाला. "मग खरेदी."

आबासाहेबांचं अफझलगंजात लोखंडाचं दुकान. घराणं निजामाच्या काळापासून इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत दख्खनी मनसोक्त हिंडायची. "हौ, बराबर आहे," ते म्हणाले. "बिनकागदाची शेड उभी केली तर उतरवायला लावतात. पण कचेरीत मला संगं घ्या. तुम्हाला तेलुगू येत नाही, परेशान होताल."

हे चिन्मयला चांगलंच झोंबलं. पुण्याहून येऊन त्याला सात वर्षं झाली होती. ऑफिसच्या कँटीनमध्ये तो तेलुगूत इडली मागायचा आणि त्याला इडलीच मिळायची.

शेड हवी होती त्याच्या बायकोसाठी, ईशासाठी. ती सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना मल्लखांब शिकवत असे. खांब रोवायला चार फरश्या उखडल्या, एवढं निमित्त धरून सेक्रेटरी त्रिवेणीताईंनी महिनाअखेर हॉल रिकामा करायला सांगितलं होतं. शहराबाहेर घैसासांचा एक प्लॉट होता, पण त्यावर छप्पर नव्हतं. एकेक मूल गोळा करून उभा केलेला क्लास बंद पडणार, या विचाराने ईशाला अन्न गोड लागत नव्हतं.

चिन्मयने कंबर कसली. जमिनीचा उतारा, नकाशा, इंजिनिअरचा दाखला, अग्निशमनवाल्यांची ना-हरकत, सगळं एकट्याने जमवून त्याने कचेरीत दिलं. मग एका दुपारी तिथल्या भाग्यलक्ष्मी मॅडमचा फोन आला.

"सार, मी पनि अयिपोयिंदि!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

चिन्मयने शांतपणे अर्थ लावला. तेलुगूत 'मी' म्हणजे तुमचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 'अयिपोयिंदि' म्हणजे संपलं. उशिरा गेलं की कँटीनवाला इडलीबद्दल हेच म्हणायचा. राहता राहिलं पाणी, आणि ते काय कुणी शिकवायला हवं?

"आपलं पाणी संपलं," त्याने ईशाला सांगितलं.

"नळाला आहे की."

"प्लॉटवरचं गं. पाण्याची सोय दाखवल्याशिवाय शेडला परवानगी नाही."

"मल्लखांबाला पाणी कशाला?"

"आग विझवायला."

"लोखंडाची आग?"

"नियम आहे," चिन्मय म्हणाला. नियमाचं नाव घेतलं की त्याला धीर यायचा.

त्याने आधी बोअर मारायची परवानगी काढली, मग बोअर मारली. पाणी असं उसळलं की बोअरवाल्यांनी हात जोडले. पाणी आलं म्हणून टाकी आली, आणि टाकी नकाशात नव्हती म्हणून 'नकाशात बदल करून मिळावा' असा रीतसर अर्ज गेला. टाकी कुंपणाला खेटली म्हणून आत सरकवली, तर ती नकाशातल्या शेडच्या दारात आली. दार मागे नेलं, तर खांब हलले. खांब हलले म्हटल्यावर इंजिनिअरचा जुना दाखला बाद झाला. महिनाअखेर तोंडावर आली होती.

"आबासाहेबांना घेऊन जा," ईशा म्हणाली. "आजच."

चिन्मयला पाहताच भाग्यलक्ष्मी मॅडमनी कपाळाला हात लावला. "सार, आपकी परमिशन तो कबकी हो गई थी! मैं खुद फोन करी. आप आके लेते नै, उल्टा नकशा बदलो बोलके अर्जी डाल दिए. अब पुरानी रद्द. नई फाईल है, टाईम लगेगा."

"पण फोनवर तुम्हीच पाणी संपलं म्हणालात!"

आबासाहेब आधी मॅडमकडे आणि मग चिन्मयकडे बघत राहिले.

"पनि म्हणजे काम, चिन्मयराव! तुमचं काम झालं म्हणाल्या त्या. पाण्याला इकडे नीळ्ळु म्हणतात." आणि ते बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

चिन्मयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसण्याचं एवढं नव्हतं, पण घरी जाऊन ईशाला काय सांगायचं?

त्याने खरं ते सांगितलं. ईशा मुलांच्या पालकांना क्लास बंद झाल्याचं कळवायला बसली, तेवढ्यात बेल वाजली. दारात त्रिवेणीताई.

"ईशा, तुमच्या प्लॉटवर म्हणे भरपूर पाणी लागलंय? आपल्या सोसायटीची बोअर आटली गं. टँकरवाले दोन दिवस फोन उचलत नाहीत. लोक माझ्या दारात बादल्या घेऊन उभे आहेत."

"आणि हॉल?" ईशाने विचारलं.

"हॉलचं काय एवढं! फरशी काय, नवी बसवता येते. राहू दे क्लास, कायमचा राहू दे."

चिन्मयने घसा खाकरला. "पण ताई, प्लॉटवरचं पाणी बाहेर न्यायचं तर आधी त्याला परवा—"

ईशाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"काढू या परवानगी," ती त्रिवेणीताईंना म्हणाली. "फक्त कचेरीतून फोन आला की आता मी घेणार."