कादरमामूंचं नख

कादरमामू नऊ नखं दर शुक्रवारी काढत. दहावं, उजव्या अंगठ्याचं, राखून ठेवत. ते त्यांचं हत्यार होतं. कुणाच्याही घरी गेले की रामराम करायच्या आधी ते अंगणातल्या दगडाला नख लावून पाहत. आमच्या शाळेची पायरी त्यांनी कधीच नापास केली होती. त्याच पायरीवर बसून मी मुलांना पास करायचो, हे त्यांना फार खटकायचं.

मामू जाती घडवत. पिठाची गिरणी तेव्हा आम्हाला ऐकूनच माहीत होती. मानोरा-इंझोरीकडच्या निम्म्या घरांत भाकर व्हायची ती मामूंच्या छिन्नी-टाकीच्या जोरावर. या भल्या माणसाचा एकच वैरी होता : काळ्या दगडातला हिरवा ठिपका. तरुणपणी त्यांनी दगड तपासत फिरणाऱ्या एका साहेबाची पेटी हंगामभर वाहिली होती. त्या साहेबानं वैऱ्याचं नाव सांगितलं, क्लोराइट. मामू 'किलोराइट' म्हणत, आणि शिवी हासडल्यासारखं म्हणत.

“गुरुजी, हा काळा दगड पहिले जमिनीतला उकळता रस होता. थंडा झाला तवा पोटात बुडबुडे राहून गेले. मंग त्यातून गरम पानी फिरलं, लई सालं. एवढा कडक दगड, पन आतून शिजला अन् हिरवा झाला. शिजलेलं ते नरमच! नख लावून पाहा.”

मी नख लावायचो. हिरवट भुकटी निघायची, बोटाला साबणासारखी लागायची. साहेबानं दिलेली एक हिरवी पापडीही त्यांच्या बंडीच्या खिशात असे. ती वाकवून ते म्हणत, “अभ्रक वाकवलं का परत उठते. हे वाकलं का वाकलंच. याले कनाच नाई!”

माझी बहीण कमळ, तिचं लग्न ठरलं. जातं अर्थातच मामूंचं. हळद दळायच्या आदल्या दिवशी मामू सहज म्हणून आले, जात्यावर नख फिरवलं आणि थांबले. कडेला, घडवताना नजरेतून सुटलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका होता.

“हे जातं वापस!”

आई उखडली. “कादरभाऊ, उद्या हळद दळाची हाय, अन् तुमाले आता ठिपका दिसून राह्यला? एवढासाच तर हाय!”

“बाई, एक दिसते तवा आत धा असतात. हिरव्याच्या पोटात पांढरी कनी असते. हिरवं झिजलं का कनी सुटते अन् पिठात जाते. सासऱ्याच्या दाताखाली कचकच झाली, तर नाव माह्यं नाई, पोरीचं निंघन.”

आई रडकुंडीला आली. ऐन वेळी दुसरं जातं आणायचं कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामू बैलगाडीतून एक जुनं जातं घेऊन हजर. जात्याची वरची तळी उलटून पाहिली आणि मी हबकलो. नुसते खळगे!

“मामू, हे तर सगळं किलोराइटचं!”

“होतं,” मामू म्हणाले. “माह्यं पहिलं जातं. निकाहाच्या वक्ती जोहरासाठी घडोलं. नख लावाची अक्कल नोती तवा. तीस सालं ती यावर दळत होती, पीठ तीन-तीनदा चाळत होती. काहून, म्हनलं, तर म्हने मले बारीकच पीठ लागते. ती गेल्यावर एक गाडगं सापडलं. हिरव्या-पांढऱ्या कन्यानं भरलेलं.” त्यांनी खळग्यांवरून नख फिरवलं. “मले एका शब्दानं बोलली नाई. आता यात गळाले काही उरलं नाई, अन् खळगे दाना धरतात. असं जातं माह्या हातून परत झालं नाई.”

जात्याला सुपारी बांधली, बायका गायला लागल्या, जातं घरघरू लागलं. मामू बाहेर ओट्यावर ऐकत बसले. मी चिमूटभर हळद नेऊन दिली. त्यांनी ती दातांखाली फिरवली.

“कचकच नाई,” ते पिवळ्या दातांनी हसले.

“हे पोरीसंगं जाऊ द्या,” असं म्हणत त्यांनी आमचं ठिपक्याचं जातं गाडीत चढवलं.

“फोडणार का मामू?”

“फोडतो कायले? रोज दळीन, चाळीन. धा-पंधरा सालात हेही साफ होईन. कोनाच्या तरी पोरीले कामी पडन.”

मामूंची तेव्हा साठी उलटली होती. गाडीत बसायच्या आधी त्यांनी आईकडून एक बारीक चाळणी मागून घेतली.