बदला माल

माझ्या दिराच्या लग्नात भाऊतात्यांनी मांडवाबाहेरच्या सगळ्या चपला निवडून लावल्या. डाव्या एकीकडं, उजव्या एकीकडं! अख्खं वऱ्हाड जोड शोधत तापलेल्या फरशीवर नाचतंय आणि हे म्हणतात, "मला पसारा बगवत न्हाय. माल कसा येगळा येगळा पायजे."

तात्या आमचे शेजारी. शेळगावात त्यांचा उभा जन्म पेरूची निवड करण्यात गेला. मोठा माल, मध्यम, बारकी ती गोल्टी, आणि डागी-वाकडा तो बदला. अहो, पण बाजाराची सवय बाजारात ठेवावी की नाही माणसानं?

मी अंगणवाडीची ताई. लहान पोरांना आकडे नंतर. आधी सारखं काय, वेगळं काय, ते हाताला कळावं लागतं. म्हणून मी चिंचोके, बटणं, टोपणं मांडते. पोरं कधी रंगावर ढीग करतात, कधी आकारावर. परवा तात्या न विचारता आत घुसले, माझी बटणं सरकवली आणि पाटीभर पेरू ओतले. "बटणानं काय व्हतंय? खरा माल घ्या!"

पेरू निवडून झाले, खाऊनही झाले. मग पोरांनी एकमेकांचीच निवड सुरू केली! शंभू मोठा माल, जुई गोल्टी. परी बोलताना अडखळते, म्हणून तिला कोपऱ्यात बसवली. बदला!

दुसऱ्या दिवशी परी आलीच नाही. "दारात आडवी पडती, येत न्हाय म्हणती," तिची आई म्हणाली. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. आत्ता कुठं ते लेकरू चार शब्द बोलायला लागलं होतं! तडक तात्यांच्या ओट्यावर गेले.

"तात्या, काही वाटतं का? तुमच्या पेरूपायी परी बदला ठरली!"

तात्यांचा चेहरा खर्रकन उतरला. एका पायात त्यांची, एका पायात माझी चप्पल अडकवून ते सुटलेच. मागं मी, एका चपलेवर, तोंडाचा पट्टा चालू.

परी उंबऱ्यावर बसली होती. तात्या तिच्यापुढं उकिडवे बसले.

"परे, मोठा माल कुठं जातो गं?"

"बा... बाजारात."

"आन् बदला?"

"घ... घरी."

"मग! बदला आपुन घरी खायाला ठिवतो. माझी दोन्ही पोरं एक नंबर निघाली, बग. गेली मुंबईला. फोनबी करत न्हायती. घरात मी एकलाच ऱ्हायलोय. बदला."



परीनं त्यांना खालून वर न्याहाळलं. पडके दात, दोन तऱ्हेच्या चपला. मग त्यांचं बोट धरून ती अंगणवाडीत आली, आणि त्याच कोपऱ्यात त्यांना खेटून बसली.

"तात्या, ह्यो आ... आपला ढीग."

तात्या पंच्यानं डोळे पुसत होते. मी माझी चप्पल मागितली नाही.