सिंहाचा टब आणि चिंतोबाचे खवले

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांना टबात डुंबायची लहर आली. हसू नका. लहरी येतात म्हणून तर ते महाराज.

टब हवा होता पोलादी पत्र्याचा, वर पांढराशुभ्र एनॅमल. म्हणजे पत्र्यावर काचेची भुकटी चढवायची आणि भट्टीत भाजायची. काच वितळते आणि पत्र्याला घट्ट बिलगते. हे काम चिंतोबा खवलेमांजराचं. भट्टी त्याच्या पणजोबांची. तिच्यावर त्याचा भारी जीव. तोंड मात्र जरा जास्तच चालायचं.

प्रधान अस्वलाने पत्रा आणून टाकला. चिंतोबाने तो वाकवून पाहिला. वाकेना.

"प्रधानजी, हा फार कडक. कार्बन जास्त आहे यात. एनॅमलला मऊ पत्रा लागतो."

"मऊ?" अस्वल दचकलं. "महाराजांच्या बुडाखाली मऊ पत्रा? शेजारचा वाघ काय म्हणेल?"

"अहो, पण भट्टीत तापला की असल्या पत्र्याच्या पोटात वायू धरतो!"

"वायू महाराजांनाही धरतो. म्हणून काय त्यांना गादीवरून उतरवायचं?"

"तो वायू मागाहून काच उडवतो, प्रधानजी. खवले पडतील, खवले!"

"जमत नसेल तर सांग. भट्टी दुसऱ्याला देतो."

चिंतोबा त्याच पत्र्यावर कामाला लागला.

टब असा झाला की महाराजांनी त्यात मिशा बघून घेतल्या. चिंतोबाला शाल मिळाली. शाल अंगावर पडताच त्यालाही वाटू लागलं, की आपण उगाच घाबरलो. पत्रा चांगलाच होता की!

काही दिवसांनी महाराज डुंबत असताना टबातून आवाज आला. टिक्. चंद्रकोरीसारखी एक कपची उडाली. मग दुसरी. तिसरी महाराजांना जिथे रुतली, ते सांगण्यासारखं नाही.

दरबार भरला. अस्वलाने कपच्या तबकात मांडल्या.

"महाराज, हे खवले आहेत. मी नाही, कारागीरच म्हणाला होता, खवले पडतील. आता मला सांगा, या जंगलात खवले कुणाच्या अंगावर आहेत?"

सगळा दरबार चिंतोबाकडे वळला. चिंतोबाला पत्र्याबद्दल खूप काही बोलायचं होतं. पण घाबरलं की खवलेमांजर जे करतं, तेच त्याने केलं. अंगाचा गोळा करून बसला.

"बघा, तोंड लपवतोय!" अस्वल ओरडलं.

भट्टी सशाला मिळाली. त्याचं अंग कसं मऊ, एकही खवला नाही. नवा टब झाला, त्याच कडक पत्र्याचा. पुन्हा टाळ्या, पुन्हा शाल.

चिंतोबा बिळात पडून भट्टीच्या आठवणीने रडायचा. एका दुपारी राजवाड्याकडून आवाज आला. टिक्. तो आनंदाने उठून बसला. आता तरी दरबाराला कळेल!

दरबाराला लगेच कळलं. चिंतोबाचे जुने खवले भट्टीत राहून गेले होते. शिपाई त्याला धरायला निघाले.

तात्पर्य : दोष जरूर ओळखावा. मात्र त्याला नाव देण्याआधी एकदा आपल्या अंगाकडे बघून घ्यावं.