तळ दिसतोय का?

नाझरकाका दुधाचा चहा पीत नाहीत. पथ्य म्हणून नव्हे, कपाचा तळ दिसत नाही म्हणून. कुणाकडे गेले की कप हातात घेऊन आधी आत वाकून बघतात आणि न पिताच खाली ठेवतात. "कोरा असला तर द्या. ज्याचा तळ दिसत नाही ते आपण तोंडाला लावत नाही." आमच्या गल्लीत नव्याने आलेल्या एका सुनेला वाटलं, कपात झुरळ पडलंय. ती बिचारी कप बदलून बदलून दमली.

त्यांचं खरं नाव श्रीपाद देशपांडे. पण जन्म नगरच्या कोर्टात गेला. समन्स बजावणं, जप्तीचा माल सांभाळणं ही नाझराची कामं करून निवृत्त झाले, तरी कोर्ट काही त्यांच्या जिभेवरून उतरलं नाही. भाजीवाला उशिरा आला की "गैरहजर" आणि स्वयंपाकीण आली नाही की जेवण "तहकूब". मी त्यांच्या शेजारी राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मी "मास्तरीणबाई". काही अडलं की मला कुंपणावरून साक्षीला बोलावतात.

हा तळाचा नाद त्यांना लागला तो घरामागे पोहण्याचा तलाव बांधल्यापासून. आमच्या भिंगारात नळाला पाणी येण्याचा दिवस लोक सणासारखा पाळतात. तिथे एक म्हातारा आपल्या लाडक्या गुलाबांचे वाफे मोडून तलाव खणतोय म्हटल्यावर गल्लीने तोंडसुख घ्यायचं काही बाकी ठेवलं नाही. मग कारण कळलं आणि सगळे गप्प झाले. सुमनकाकूंना अर्धांगवायूचा झटका आला होता. डावी बाजू गेली होती, बोलणं तुटक झालं होतं. पाण्यात शरीर हलकं होतं, रोज पाण्यात चालवा, पाय परत येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. छातीएवढा खोल, उतरायला पायऱ्या, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे, असा तो तलाव. गल्ली त्याला हौद म्हणते. काका ऐकून घेत नाहीत.

गंमत म्हणजे काकांना स्वतःला पाण्याची भीती. लहानपणी म्हणे कुणीतरी बारवेत ढकललं होतं. तेव्हापासून बादलीपेक्षा खोल पाण्याशी त्यांनी व्यवहार ठेवला नाही. काकू मात्र काष्टी गावच्या. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या आणि नंतर भोपळा सोडून वरून उड्या मारणाऱ्या. लग्नात वऱ्हाडासमोर त्यांच्या भावाने हे सांगितलं तेव्हा नवरदेवाचा चेहरा पांढरा पडला होता, असं काकू पूर्वी हसून सांगायच्या.

तलावाच्या तळाशी काकांनी एक बशी ठेवली आहे. त्यांच्या लग्नातल्या सेटमधली शेवटची, पांढरी, मधोमध निळं फूल. रोज सकाळी काठावर उभं राहून वाकायचं. फुलाच्या पाकळ्या सुट्या सुट्या दिसल्या की "तळ हजर". नाही दिसल्या तर काकूंचं उतरणं तहकूब. पाण्यावर पान पडलेलं त्यांना खपत नाही. माझ्या अंगणातल्या कडुनिंबाला त्यांनी तोंडी समन्स बजावलंय, हद्द ओलांडून कचरा टाकल्याबद्दल. जवळच्या छावणीत लष्कराचा तोफांचा सराव सुरू झाला आणि खिडक्या थरथरल्या की आम्ही खिडक्यांकडे बघतो, हे पाण्याकडे बघतात. गाळ हलला तर?

मला हा सगळा म्हाताऱ्याचा चळ वाटायचा. पाणी थोडं गढूळ असलं तर काय बिघडतं? चालायचंच तर आहे. काही पाण्यात वाचायला बसायचं नाही.

आणि मग ती वावटळ आली. उन्हाळ्यातली आमच्याकडची वावटळ म्हणजे अर्धी जिरायत जमीन उचलून दारात आणून टाकते. माझ्या कडुनिंबाने सगळी पानं काकांच्या हद्दीत पाठवली. त्यात वीज गेली, ती लवकर आली नाही. तलावाचं पाणी फिरवणारा, वाळूच्या गाळणीचा पंप बंद. पाणी आधी मळकट झालं, मग त्यावर हिरवट झाक आली, आणि बशी दिसेनाशी झाली.

मी शाळेत होते. तेवढ्यात दूधवाला बबन आला. तो त्याच्या गावात ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर टाकायचं कामही करतो. त्याने तलावाकडे एक नजर टाकली आणि निकाल दिला. "काका, घमेलंभर टीसीएल वता. आमी हिरीत टाकतो, लई फरक पडतो. उंद्याच्याला बगा, आरसा हुतोय." काकांनी भर दुपारी, उन्हात, कोरडी पावडर घमेल्याने तलावात उपडी केली.

फरक लईच पडला. मी घरी आले तेव्हा तलाव पांढराफेक होता, कुणी दूध ओतावं तसा. काठावर काका रिकामं घमेलं घेऊन उभे होते.

"मास्तरीणबाई, तळ दिसतोय का हो?" मला पहिली पायरीसुद्धा दिसत नव्हती.

मी चिडले. म्हटलं, आपल्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरे थर बसतात. त्या पावडरीतही चुनाच. जड पाण्यात चुना आणखी ओतल्यावर दुसरं काय होणार? आणि भर उन्हात टाकलेलं क्लोरीन ऊनच खाऊन टाकतं. विहीर वेगळी, हे वेगळं. बबनला विचारायच्या आधी कुंपणापलीकडे राहणाऱ्या बाईला विचारायचं होतं. काकांनी सगळं मान्य असल्यासारखी मान डोलावली, तेव्हा मात्र मला धास्ती वाटली. हा माणूस उलटतपासणीशिवाय कधी सुटलेला नाही.

मग मी जरा नरमले. म्हटलं, इतकं काय झालं? क्लोरीन उतरलं की काकूंना धुरकट पाण्यातच चालवा. कठडा आहे की धरायला.

व्हरांड्यात खुर्चीवर काकू बसल्या होत्या. त्यांनी उजवा हात उचलला, आपल्या डाव्या पायाकडे दाखवलं आणि मान हलवली.

"तिला तो पाय कळत नाही," काका हळूच म्हणाले. "टोचलं तरी कळत नाही. आहे की नाही तेच कळत नाही. डोळ्यांना दिसला तरच तो तिचा. बघते, मग उचलते. मागे एकदा पाणी जरासं गढूळ होतं. मी म्हटलं, चल. दुसऱ्याच पायरीवर थिजली. माझा पाय कुठाय, माझा पाय कुठाय, असं म्हणत राहिली. तेव्हापासून ती बशी."

इतके दिवस या माणसाला हसत होते, त्याची मला लाज वाटली.

"आणि आज सकाळी म्हणाली, राहू दे आता. राहू दे म्हणजे कायमचं. मला कळतं तिचं."

खरी भीती ही होती. पाणी काय, आज ना उद्या निवळणारच. पण काकूंचं मन एकदा तळाला बसलं तर ते कुठल्या औषधाने वर आणायचं?

आम्ही कामाला लागलो. पावडर बंद. मी शाळेतून तपासणीच्या बाटल्या आणल्या, पाणी बेसुमार अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, झालेलं निघालं. त्यात क्लोरीनही लंगडं पडतं. नगरहून औषधं आणली. आम्ल पाण्यात मिसळून थोडं थोडं सोडताना माझाच जीव मुठीत होता आणि काका दोन हात लांब उभे राहून रामरक्षा म्हणत होते. गाळणीतली वाळू उलटं पाणी सोडून धुऊन काढली. ऊन उतरल्यावर पातळ क्लोरीन मोजून सोडलं. मग पंप अखंड चालू ठेवायचा, आणि वाट बघायची. या शेवटच्या कामात काका अगदीच नापास.

दर थोड्या वेळाने कुंपणावरून हाक. "तळ दिसतोय का?" वीज गेली की ते वायरमनला फोन करून त्याच्या कारभाराचा तळ विचारायचे. मधल्या वेळात काकूंच्या शेजारी बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचे. काकू भिंतीकडे तोंड करून ऐकायच्या, किंवा ऐकायच्याही नाहीत. ताटातलं तसंच राहायचं. काकांच्याही ताटातलं. "उद्याची तारीख पक्की," ते रोज त्यांना सांगायचे, आणि रोज तारीख पुढे जायची.

पाणी मात्र हळूहळू उघडत गेलं. पायऱ्या दिसल्या. मग तळाशी एक पांढरट डाग. मग त्याला कड आली. खाली बसलेला गाळ आम्ही नळीने ओढून काढला, पुन्हा वाट बघितली, आणि एका सकाळी मी शाळेची तयारी करत असताना हाक आली. हाकेत प्रश्न नव्हता. "मास्तरीणबाई, या."

निळं फूल, पाकळीन् पाकळी. मी बाटलीत पाणी घेऊन तपासलं. उतरायला हरकत नव्हती.

काका आत गेले. बराच वेळ आतून त्यांचं समजावणं ऐकू येत होतं, काकूंचं काहीच नाही. मला वाटलं, आता नाही येत त्या. मग दारात काठी दिसली.

एरवी ते दोघं उतरताना आडोशाला कठड्याला चादर बांधतात, म्हणून मी हे कधी बघितलं नव्हतं. आज चादर बांधायचं राहून गेलं. काकूंच्या आधी काका उतरले. पायजमा, सदरा, मनगटावर घड्याळ, सगळ्यासकट. पाणी पोटाला लागलं तसं त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मग दोन्ही हात पुढे केले आणि काकूंचे हात धरून उलटे, पाठीमागे, एकेक पाऊल सरकू लागले. ओठ रामरक्षा म्हणत होते, दाढा वाजत होत्या. पाण्याला इतका भिणारा माणूस रोज असाच उतरत होता, आणि गल्लीत कुणालाही ते माहीत नव्हतं.

काकू शेवटच्या पायरीवर थांबल्या. खाली बघत राहिल्या. मी कठडा धरून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

"अहो," काकू म्हणाल्या. एकेक शब्द सुटा सुटा येत होता. "डोळे... उघडा. तळ... दिसतोय."

"तुला दिसतोय ना?" काका डोळे मिटूनच म्हणाले. "मग झालं."

काकू हसल्या. झटक्यानंतर त्यांचं हसू एकाच बाजूला येतं. मग त्यांनी पाण्यातल्या आपल्या डाव्या पायाकडे नीट बघितलं आणि तो पुढे टाकला.