आधी डॉक्टरला झोपवा!

ऑफिसच्या शनिवारच्या गेमिंग स्पर्धेत आमचा अकाउंट्स विभागच जिंकणार होता, कारण संघात मी होतो! सेल्सवाल्यांनी आधीच माघार घेतली असती, तर त्यांचेच कष्ट वाचले असते.

पाच-पाच जणांचा गोळीबाराचा खेळ. माझा हिरो म्हणजे रेड्यासारखा आडदांड गडी, हातात भलामोठा घण. त्याचं हुकमी अस्त्र, म्हणजे अल्टिमेट, हळूहळू भरत जातं. भरलं की बटण दाबायचं. गडी उंच झेप घेतो आणि घण असा आपटतो की आजूबाजूचे शत्रू चपलेखालच्या झुरळासारखे चपटे!

आमच्या कप्तानबाई एरवी पगाराचं काम बघतात. त्यांनी एकच मंत्र दिला होता, "आधी समोरच्यांचा डॉक्टर पाडा. तो बाकीच्यांना मरूच देत नाही."

म्हणून मी रजा टाकली, कानाला हेडफोन लावले आणि सरावाला बसलो. हेडफोन लावले की माणूस ओरडतो, हे ओरडणाऱ्याला कळत नाही.

माझे सासरे निवृत्त डॉक्टर. ते त्या दुपारी येणार आहेत, हे बायकोने मला सकाळी सांगितलं होतं म्हणे! त्यांनी बेल वाजवली. मला ऐकू येईना. त्यांना मात्र दाराबाहेर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"डॉक्टर कुठे लपलाय? ये म्हाताऱ्या, ये! दारात आलास की घणच घालतो टाळक्यात!"

गुडघेदुखी विसरून सासरे तडक जिन्याखाली पोचले आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"अगं, जावई माझ्या जिवावर उठलेत! घण आहे त्यांच्याकडे!"

"बाबा, त्यांना साधा खिळा ठोकता येत नाही."

"खिळा लहान असतो! माझं डोकं केवढं आहे!"

बायको ऑफिसातून धावत आली. वॉचमनला पुढे घालून तिने किल्लीने दार उघडलं. नेमकं त्याच क्षणी माझं अल्टिमेट भरलं. "मेलास, डॉक्टर!" असं गर्जत मी सोफ्यावर उभाच राहिलो. पुढच्या क्षणी वॉचमन माझ्या छातीवर बसला होता, सासरे बायकोच्या मागे होते आणि हेडफोन पंख्याखाली पडले होते.

"अहो, काय चाललंय हे?"

"सराव!" मी खालूनच म्हणालो.

सगळं समजावून सांगेपर्यंत माझा घसा बसला. वॉचमन हिरमुसून गेला. सासऱ्यांनी मात्र चष्मा लावला आणि रिपोर्ट वाचावा तसा स्क्रीन न्याहाळला.

"जावईबापू, तुमच्या गड्याच्या डोक्यावर निळी पट्टी आहे. या डॉक्टरच्याही डोक्यावर निळीच. समोरच्यांच्या लाल आहेत."

"मग?"

"मग हा तुमचाच डॉक्टर आहे. दुपारभर बिचारा तुम्हाला मलमपट्टी करत मागे मागे फिरतोय."

बायको हसता हसता खाली बसली.

असो. ती बाब किरकोळ आहे. झेप मात्र अगदी वेळेवर पडत होती!