पहाटेच्या शिष्या

लेखकाने मुलाखतीत छाती फुगवून सांगितलं, "मी रोज पहाटे पाचला उठतो आणि आठपर्यंत लिहितो. प्रेरणेची वाट बघत बसतात ते हौशी! नवोदितांना माझा एकच सल्ला : बूड खुर्चीला टेकवा, शब्द आपोआप येतात!"

खरं म्हणजे साहेब साडेआठला उठत. तिसरी कादंबरी चार वर्षं पहिल्याच वाक्यावर अडली होती. 'दार वाजलं.' बस्स! कुणी वाजवलं, हे खुद्द लेखकालाही ठाऊक नव्हतं.

रविवारी मुलाखत फोटोसकट छापून आली. सोमवारी पहाटे पाचला खरोखरच दार वाजलं!

दारात वरच्या मजल्यावरच्या सिस्टर. पस्तीस वर्षं प्रसूती विभागात काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. हातात वही, दोन पेनं आणि चहाचा थर्मास.

"सर, मलाही लिहायचंय. तुमच्यासमोर नुसती बसते. हूं की चूं करणार नाही."

"आज जरा..." लेखक पायजम्याची नाडी सावरत पुटपुटला.

"अहो, या ना आत!" मागून बायको म्हणाली. "पेपरात वाचून मीच चाट पडले. माझ्या शेजारी झोपणारा माणूस पहाटे उठून लिहितो आणि मलाच पत्ता नाही!"

तिच्या आवाजातला चिमटा नेमका लेखकालाच बसला.

सिस्टर झपाझप लिहू लागल्या. लेखक भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर एक पाल होती. तीसुद्धा कंटाळून निघून गेली. आठच्या ठोक्याला सिस्टरनी वही मिटली.

"किती शब्द झाले सर?" ताप विचारावा तसं त्यांनी विचारलं.

"मी मोजत नाही."

"माझे नऊशे!"

रोज हेच. नऊशे, हजार, अकराशे! लेखकाने सर्दीचं सोंग केलं, तर सिस्टर वाफारा घेऊन हजर. तो पांघरुणात दडून बसला, तर बायकोने पांघरूणच ओढलं. पाचव्या आठवड्यात त्याचा बांध फुटला.

"सिस्टर, मला काही सुचत नाही हो! चार वर्षं एक ओळ नाही. मुलाखतीत सगळ्या थापा मारल्या. मी संपलोय!"

सिस्टरनी शांतपणे चहा ओतला. "कळा सुरू झाल्या की सगळ्याजणी असंच म्हणतात. विशेषतः पहिलटकरणी."

"अहो, माझं तिसरं आहे!"

"तिसऱ्यालाही म्हणतात. जोर लावा!"

त्याने जोर लावला. डोकं तेवढं दुखलं.

सहा महिन्यांनी सिस्टरची कादंबरी पूर्ण झाली. स्वीकारली कुणी? लेखकाच्याच प्रकाशकाने! वर त्याचा फोन, "प्रस्तावना तुमचीच हवी. दोन पानं. तुम्हाला काय, हातचा मळ!"

लेखक दहा दिवस बसला. 'प्रस्तुत कादंबरी' हे दोन शब्द कागदावर उतरले आणि पुढे सगळा शुकशुकाट. अकराव्या दिवशी सिस्टर आल्या. त्यांनी दोन कागद पुढे सरकवले.

"तुमच्या वतीने मीच लिहिलंय सर. पटलं तर सही करा. नाही पटलं तर फाडून टाका."

त्याने वाचलं. 'चार वर्षं मला एक ओळही सुचली नाही. ही गोष्ट मी घरातसुद्धा सांगू शकलो नाही. रोज पहाटे मी एका बाईंना लिहिताना बघत बसलो, आणि मला त्यांचा हेवा वाटला...' पुढची अक्षरं पुसट झाली. खिशातला रुमाल काढून त्याने चष्मा पुसला, मग डोळे. बराच वेळ पेन हातात नुसतंच धरून ठेवलं. मग सही केली.

पुस्तक आलं. बायको प्रस्तावना उभ्याउभ्याच वाचायला लागली आणि वाचता वाचता खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"इतकं खरं तुम्ही आजवर कधीच लिहिलं नव्हतं हो!"

लेखकाने सांगायला तोंड उघडलं. तिच्याकडे बघितलं. आणि हळूच विचारलं,

"कुठलं वाक्य जास्त आवडलं?"